उतरणीची मूठ

बोरघाटाचा इतिहास आजवर चढणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला. घाट कोणी बांधला, तोफा वर कशा ओढल्या, आगगाडी डोंगरावर कशी आली, याच्या हकीकती गॅझेटियरांत आणि शाळेच्या पुस्तकांत हव्या तितक्या सापडतात. उतरणाऱ्याची हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. चढणाऱ्याचा घाम सर्वांना दिसतो. उतरणारा बसल्या जागी खाली येतो, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते, यात याने विशेष ते काय केले! बैलगाडी असो, आगगाडी असो की सायकल असो, ज्याने ती या घाटातून खाली नेली आहे त्याला विचारा. आज आम्हांला जो विषय मांडावयाचा आहे तो या उतरणीचाच आहे, आणि दिसावयाला तो फार लहान आहे. शर्यतीच्या सायकलच्या हँडलावर दोन बोटे रुंदीची, सुमारे दोन मीटर लांबीची पट्टी गुंडाळलेली असते. ती तेथे का आली, कशाकशाची होती, ती कशी गुंडाळावी आणि नीट न गुंडाळल्यास काय होते, एवढेच सांगावयाचे आहे. साम्राज्यांचे उदयास्त आणि थोर पुरुषांची चरित्रे ऐकण्याची सवय झालेल्या श्रोत्यांनी या क्षुल्लक वस्तूला थोडा वेळ द्यावा, अशी विनंती आहे.

मावळच्या इतिहासात परतीची वाट किती मोलाची ठरली, याचे ठळक उदाहरण आपल्या वडगावचे. इ. स. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना बरोबर घेऊन बोरघाट चढून आली. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, ठार झाला. तरीही फौज तळेगावापर्यंत पोहोचली. तेथे पाहते तो गाव जाळून ओसाड केलेले आणि दाणागोटा कोठेच नाही. मग रात्रीच्या अंधारात जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून ती घाटाकडे परत फिरली. घाट काही तिच्या दृष्टीस पडला नाही. वडगावला मराठ्यांनी तिला वेढले आणि तहावर सही करून घेतली. वर येणे जमले, खाली जाणे जमले नाही! तोफखान्यावरून सायकलवर येणे कोणाला उडी वाटेल. परंतु घाट माणसाकडून जे मागतो ते दोघांच्याही बाबतीत एकच आहे. वर जाण्यास बळ लागते, आणि खाली येण्यास हाती काही तरी धरलेले असावे लागते.

पुढे १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला घाटरस्ता खुला केला. या वाटेची खूण शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला दाखविली, असे लोक सांगतात. जुन्या खोपोली रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि जाणारे-येणारे गाडीवान तेथे हात जोडतात. त्याच सुमारास बांधलेला एक पूल पुढे औषधी मलमाच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बांधणाऱ्याचे नाव मागे पडले आणि डोकेदुखीच्या मलमाचे राहिले! एप्रिल २०२० मध्ये हा पूल पाडण्यात आला. घाट सायकलवरून ओलांडून ज्यांची मनगटे आणि खांदे भरून आले असतील, त्यांना हे नाव अगदीच अस्थानी वाटले नसावे.

रस्त्यानंतर लोहमार्ग. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातून आगगाडी जाऊ लागली. पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि जेथे चढ सर्वांत तीव्र तेथे दर सदतीस फुटांस एक फूट. या आकड्यांचे कौतुक पुष्कळ झाले. आमच्या मते अभियंत्यांची खरी दूरदृष्टी पाहावयाची तर ती आडरुळांत. उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर तिला बाजूला घेऊन पुन्हा चढावर घालावयाची आणि तिचा वेग तेथे जिरवावयाचा, अशी ही योजना. घाट उतरण्यापूर्वी गाडीचे ब्रेक तपासण्याचा रिवाज आजही चालू आहे. आगगाडीवाल्यांनी उतरणीचे भय पहिल्यापासून हिशेबात धरले होते. सायकलस्वाराला आडरूळ नाही. त्याच्यापाशी दोन ब्रेक, दोन हात आणि त्या हातांखाली ती पट्टी.

सायकलचा जन्म फार जुना नव्हे. १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारख्या मापाची, साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. या दोहोंचा संगम झाला तेव्हा आजच्या सायकलची घडण पुरी झाली. आपल्याकडे ती लवकरच आली आणि विसाव्या शतकात पुण्याला तर ‘सायकलींचे शहर’ ही पदवीच मिळाली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांच्यापैकी तिघे सुमारे चव्वेचाळीस हजार मैलांचा प्रवास पुरा करून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. सायकल ही केवळ कचेरीत जाण्याची वस्तू नव्हे, हे या भागातील लोकांना फार पूर्वी कळले होते.

मुंबई–पुणे सायकल शर्यत ही महाराष्ट्रातील जुन्या आणि नामांकित शर्यतींपैकी एक. तिच्यात बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे राहतात, पाणी ओततात, ओरडून धीर देतात. मान योग्यच आहे. परंतु हा राजा चढणीचा. या शर्यतीची दिशाच अशी की घाट फक्त चढावयाचा असतो. लोणावळ्यापुढे इंद्रायणीच्या खोऱ्यातून पुण्याकडे जो उतार लागतो तो सौम्य. सरावाला निघालेल्या स्वारांची गोष्ट निराळी. मुंबईकर घाट आधी चढतो आणि घरी जाताना, थकलेल्या हातांनी, उतरतो. पुणेकर ताज्या हातांनी खोपोलीला उतरतो आणि मग थकल्या पायांनी चढून येतो. या दोहोंत मुंबईकराचा धोका अधिक, हे सांगावयास नको. पाय थकले तर सायकल थांबते. हात थकले तर ती थांबत नाही.

ही उतरण म्हणजे नेमके काय, याचा थोडा हिशेब करून पाहू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरांच्या आसपास आहे; खोपोली साठ-सत्तर मीटरांवर. म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटरांचा फरक. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरले, तर या उतरणीत सव्वाचार लाख ज्यूलांहून थोडी अधिक ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने सव्वा लिटरहून अधिक पाणी चुलीवरून उकळत्या स्थितीत खाली उतरविता येईल. सात-आठ पाहुण्यांचा चहा सहज होईल. ही सारी ऊर्जा काही वाऱ्यात जाते आणि उरलेली ब्रेकच्या रबरांत. वळण तीव्र असेल तेथे वेग कमी ठेवावा लागतो, म्हणून वाऱ्याचा वाटा घटतो आणि ब्रेकचा वाढतो. आणि ब्रेक म्हणजे अखेर स्वाराच्या चार बोटांची ओढ. जुन्या सायकलींना पोलादी, चकाकणाऱ्या मुलाम्याच्या रिमा असत. त्या ओल्या झाल्या की रबर त्यांवरून घसरत असे आणि दाब कितीही दिला तरी सायकल थांबण्यास कोरड्यापेक्षा कितीतरी अधिक अंतर लागे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. धुके, ओला रस्ता, ओली रीम आणि ओला हात!

आता हाताकडे वळू. शर्यतीच्या सायकलचे हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे पुढे जाऊन खाली व मागे वळलेले असते. लहान मुलांना ते केवळ ऐट वाटते, पण त्याचा उपयोग मोठा आहे. आडव्या भागावर, ब्रेकच्या मुठींवर आणि खालच्या बाकात, अशा तीन ठिकाणी हात ठेवता येतात. एकाच जागी हात तासन् तास राहिला की काय होते, हे वैद्यकास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तळहाताच्या करंगळीकडील बाजूस, मनगटापाशी, एक अरुंद बोळ आहे. फेलिक्स ग्वियाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली तिचे वर्णन केले. तीमधून करंगळीला, अर्ध्या अनामिकेला आणि बोटे पसरविणाऱ्या लहान स्नायूंना जाणारी नस जाते. हँडलावर शरीराचा भार टाकला की दाब नेमका येथे येतो. १८९६ सालीच फ्रान्समधील वैद्यकीय लेखनात सायकलस्वारांच्या या बधिरतेची नोंद झाली. म्हणजे डनलॉपच्या टायरला दहा वर्षेही झाली नव्हती, तोच नवे वाहन आपला नवा रोग घेऊन आले. प्रथम करंगळी झिणझिणते, मग बधिर होते. आणि दुर्लक्ष केले तर घरी गेल्यावर सदऱ्याची गुंडी लावणेही जड जाते. पट्टी हा या रोगावरचा रामबाण उपाय मुळीच नव्हे. सायकलची उंची आणि लांबी अंगास बेताची असणे, हाताची जागा वरचेवर बदलणे, कोपर किंचित वाकवून ठेवणे, हे आधी. परंतु रस्त्याचे हादरे हाडांपर्यंत पोहोचण्यापूर्वी जी शेवटची चौकी लागते, ती ही पट्टीच.

दुसरी गोष्ट जाडीची. शर्यतीच्या हँडलाची नळी ब्रेकच्या मुठीपाशी सुमारे २४ मिलिमीटर व्यासाची असते. माणसाच्या हाताला गोल दांडा घट्ट धरावयाचा तर साधारण तीस ते चाळीस मिलिमीटरांचा सोयीचा पडतो. याहून बारीक असेल तर बोटे पुरी वळून तळहातात शिरतात आणि जोर वाया जातो. कोयत्याची मूठ, नांगराचे रुमणे, जात्याचा खुंटा यांपैकी काहीही हातात घेऊन पाहा. ती बनविणाऱ्यांनी कोणतेही पुस्तक वाचले नव्हते, पण माप त्यांच्या हाताला ठाऊक होते. पट्टीचे दोन पदर पडले की नळीची जाडी या मापाजवळ येते. म्हणून आम्ही म्हणतो की उघड्या नळीवरून घाट उतरणे म्हणजे रुमण्याऐवजी सळई धरून नांगर हाकणे होय.

पट्टी येण्यापूर्वी मुठी होत्या. उंच चाकाच्या जुन्या सायकलींना लाकडाच्या, शिंगाच्या मुठी बसवीत. पुढे कॉर्कच्या, सेल्युलॉइडच्या आणि मग रबरी आल्या. पुण्यात कर्वेनगर भागात २०१७ साली खुले झालेले विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. तेथे जाणाऱ्याने चाके आणि दिवे पाहून झाल्यावर हँडलांची टोकेही पाहावीत. सरळ हँडलाला अशी आयती मूठ चालते. बाकदार हँडलाला ती कशी चालणार? म्हणून तेथे गुंडाळणे आले. युरोपातील शर्यतवाल्यांनी पहिल्याने सुती पट्टी वापरली. सूत घाम शोषते आणि हाताला धरून राहते. परंतु मळते, आणि कडा उसवल्या की लोंबू लागते. यावर त्यांनी जो तोडगा काढला तो आपल्या देशाच्या दृष्टीने मौजेचा आहे. गुंडाळलेल्या पट्टीवर ते स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे हात देत.

ही लाख म्हणजे आपल्या सुतारांची चपडी. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक कीटक बसतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच करतो. ते खरवडून, वितळवून, पापुद्रे पाडून चपडी होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात लाख पुरविणारा प्रमुख देश हिंदुस्थानच होता. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही तिच्याच. लाखेचा आणि मुठीचा संबंध तर आपल्याकडे त्याहूनही जुना. तलवारीचे पाते मुठीत बसविताना पात्याचे शेपूट पोकळीत घालून त्याभोवती लाखेचा किंवा राळेचा मसाला ओतीत; तो थंड झाला की पाते मुठीत पक्के होई. ज्या पदार्थाने मावळ्याची तलवार मुठीत टिकविली, त्याच पदार्थाने फ्रान्सच्या डोंगरांतील स्वाराची पट्टी हँडलावर टिकविली. यात कोणी कोणाचे पाहून केले असे आम्ही म्हणत नाही. हाताला घाम येतो आणि मूठ सुटता कामा नये, ही अडचण दोन्हीकडे सारखी होती, एवढेच.

सुतानंतर प्लॅस्टिकच्या चकचकीत, रंगीबेरंगी फिती आल्या. दिसण्यात देखण्या आणि धुण्यास सोप्या, पण पातळ आणि घामाने निसरड्या. आम्हांला त्या कधीच पसंत पडल्या नाहीत. दुकानात शोभणारी वस्तू घाटात शोभतेच असे नाही. १९८० च्या दशकात इटलीतील चिनेल्ली या कारखान्याने मऊ फेसाळ द्रव्यात कॉर्कचा भुसा मिसळलेली जाड पट्टी काढली आणि ती जगभर रूढ झाली. आता त्यातही नाना प्रकार निघाले आहेत. पॅरिस–रूबे या १८९६ सालापासूनच्या शर्यतीत दगडी फरसबंदीवरून जावे लागते, म्हणून तेथील कित्येक स्वार पट्टीचे दोन थर देतात. आपल्या ग्रामीण रस्त्यांवरून जाणाऱ्याने हा धडा घेण्यास हरकत नाही.

आपल्या गावांतील सामान्य सायकलस्वाराला हे सारे परवडण्याजोगे नव्हते आणि त्याला त्याची वाणही पडली नाही. फुटलेल्या ट्यूबची लांब पट्टी कापावयाची, ती ताणून हँडलावर गुंडाळावयाची आणि शेवटचे टोक आधीच्या वेढ्याखाली खोचावयाचे, ही युक्ती प्रत्येक पंक्चरवाल्याला येते. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लावून जाणाऱ्या गवळ्यांच्या सायकलींवर ती आपण सर्वांनी पाहिली आहे. कोणी सुतळी गुंडाळी, कोणी विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी. शौकीन मंडळी नायलॉनच्या फिती आणि मुठींना गोंडे लावीत. ट्यूबच्या पट्टीने हात काळे होतात आणि उन्हात ती चटकते, हे खरे. पण ओल्या हाताला ती धरून ठेवते, आणि जिला किंमतच नाही ती वस्तू वेळेवर बदलण्यास माणूस मागेपुढे पाहत नाही. महागाची पट्टी फाटून तिचे पदर लोंबू लागले तरी न बदलणाऱ्या श्रीमंत स्वारापेक्षा हा गवळी आम्हांला शहाणा वाटतो.

आता गुंडाळण्याची रीत. पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारतो तेव्हा कौले कोठून लावीत जातो? वळचणीकडून आढ्याकडे. वरचे कौल खालच्या कौलावर चढते, म्हणून पाणी आत न शिरता वरून वाहून जाते. शेतात लावणीच्या वेळी डोक्यावर घ्यावयाच्या इरल्यातही पाने अशीच एकावर एक. हँडलाची पट्टीही तशीच, खालच्या टोकाकडून वर. पुढचा प्रत्येक वेढा मागच्या वेढ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर ते अर्ध्यावर चढला पाहिजे. वरून सुरुवात केली तर प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून राहते आणि भार टाकलेला हात खाली सरकताना ती कड उलगडत जातो. उलटी कौले घातलेल्या घराची जी गत व्हावयाची तीच.

आधी जुनी पट्टी आणि तिचा गोंद काढून नळी स्वच्छ पुसावी. गंजाचा डाग वा भेग दिसली तर पट्टी बाजूला ठेवून हँडलच बदलावे, कारण नवी पट्टी दोष झाकते, दूर करीत नाही. ब्रेकच्या तारा नळीला चिकटपट्टीने घट्ट बांधाव्यात. मग खालच्या टोकाला पट्टीची अर्धी रुंदी नळीच्या बाहेर ठेवून सुरुवात करावी आणि वेढा वरच्या बाजूने, आतून बाहेर जाईल असा घ्यावा. उजव्या हाताला घड्याळाच्या काट्याप्रमाणे, डाव्या हाताला उलट. बाकात धरलेला हात जोर लावताना बाहेरच्या बाजूस पीळ देतो. वेढ्याची दिशा त्या पिळाशी जुळली तर हात पट्टी आवळतो, न जुळली तर तोच हात ती सैल करतो. ताण सारखा ठेवावा. बाकाच्या बाहेरच्या अंगाला वेढे विरळ पडतात आणि आतल्या अंगाला दाटतात, म्हणून तेथे हात सावकाश चालवावा. ब्रेकच्या मुठीमागे नळी उघडी राहते. तेथे आधीच एक आखूड तुकडा लावून ठेवावा. शेवटी आडव्या भागावर टोक तिरपे कापून चिकटपट्टीने बांधावे. नवशिक्यास तासभर लागेल. दोन्ही बाजू सारख्या आल्या की नाही हे डोळ्यांनी पाहू नये, डोळे मिटून हातांनी पाहावे.

राहता राहिले बूच. बाकाच्या टोकाशी जी अर्धी रुंदी बाहेर ठेवली होती ती नळीत दुमडावी आणि वर बूच ठोकून बसवावे. पूर्वी युरोपात मद्याच्या बाटलीचे बूच कापून बसवीत. आता प्लॅस्टिकचे मिळते. पुष्कळांना हा भाग शोभेचा वाटतो आणि पडलेले बूच महिनोन् महिने बसविले जात नाही. या विषयात जर कोठे जिवाचा प्रश्न असेल तर तो येथे आहे. उघडी नळी म्हणजे गोल धारेची पाचर. सायकलवरून पडताना हँडल फिरते आणि त्याचे टोक पोटात किंवा मांडीत येते. टोक बंद असेल तर मार सहसा मुक्यावर भागतो. उघडे असेल तर ती नळी सुताराच्या पोकळ पटाशीसारखी मांसात शिरते. पोटावर हँडलाचा मार बसला असता बाहेर ओरखडाही न दिसता आत यकृताला वा आतड्याला इजा झाल्याची उदाहरणे, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, वैद्यकीय ग्रंथांत पुष्कळ आहेत. म्हणून शर्यतींच्या नियमांत हँडलाची टोके बुजविलेली असलीच पाहिजेत असे कलम आहे, आणि पंच सायकल तपासतात तेव्हा टोकावर बोट ठेवून पाहतात. मुलांच्या साध्या सायकलींवरून रबरी मुठी निघून गेलेल्या आपण रोज पाहतो. त्या मुलांच्या सायकली तपासावयास पंच कोठून येणार?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि त्यावर सायकलींना मज्जाव आहे. त्यामुळे स्वारांच्या वाट्यास जुना रस्ता आला: देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ल्याचा फाटा, लोणावळा, आणि पुढे शिंग्रोबाच्या देवळावरून खोपोली. रविवारी पहाटे या वाटेने पुण्याकडून येणाऱ्या स्वारांचे थवे आपण पाहतो. पुणे जिल्ह्यात जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. आपल्या तरुणांनी परदेशी स्वारांच्या हलक्या सायकली डोळे भरून पाहिल्या. त्यांच्या किंमती ऐकून थक्क झाले. त्या सायकलींवरही हात ठेवण्याच्या जागी असते ती तीच, दोन बोटे रुंदीची पट्टी, खालून वर गुंडाळलेली. तिची किंमत सबंध सायकलच्या मानाने नगण्य.

पट्टी किती दिवस टिकते, असे कोणी विचारील. कोरड्या हवेत रोज चालविणाऱ्यास वर्षभर जावी. मावळात मात्र पावसाळा संपला की ती काढून पाहावीच. चार महिने घाम आणि पाणी पिऊन तिच्याखाली नळीवर काय झाले आहे ते वरून कळत नाही; ॲल्युमिनियमची नळी मिठाने खाल्ली जाते, पोलादी नळी गंजते, आणि दोन्ही मोडतात त्या भार पडल्यावरच. दसऱ्याला आपण शस्त्रे आणि औते पुसून पूजेला मांडतो, सायकलीलाही झेंडूची माळ घालतो. माळ घालण्यापूर्वी जुनी पट्टी सोडावी, नळी पुसावी, नवी गुंडाळावी आणि टोकांची बुचे अंगठ्याने दाबून पाहावीत. पाऊस ओसरलेला असतो, आणि घाटात जाणारे स्वार त्याच दिवसांत पुन्हा बाहेर पडू लागतात.